परतीच्या वाटेवरचे वैराग्य

ज्येष्ठ महिन्यात मुक्ताईची पालखी खानदेशातून निघते, बुलढाणा जिल्हा ओलांडून देऊळगाव राजावरून जालन्यात येते आणि पुढे अंबड, वडीगोद्री करीत शहागडला गोदावरी उतरते. या वाटेने एकदा जरी चालला असेल त्या वारकऱ्याला आमच्या जिल्ह्याचा पाहुणचार सांगायला नको. कुठे पिठले-भाकरी, कुठे शिरा. आंब्याचा हंगाम संपत आलेला असला तरी कुणीतरी आमरसाचे पातेले घेऊन पंगतीत उभे असतेच.

मागे एका वारीत अशाच एका पंगतीत एक बाई रस वाढत होत्या. घरचा, बांधावरच्या गावरान आंब्याचा रस. वाढत वाढत त्या एका म्हाताऱ्या वारकऱ्यापाशी आल्या. त्यांनी द्रोणावर तळहात ठेवला. "नको माय. म्या गोड फळ सोडलंय. अकरा वर्सं झाली."

आजूबाजूच्या चार जणांनी मान डोलावली. कुणीतरी हात जोडले. बाई काही न बोलता पुढे सरकल्या, पण त्यांचा चेहरा उतरला हे मला दिसले. शेजारी आमच्या दिंडीचे विणेकरी बसले होते. त्यांनी द्रोण पुढे केला, रस ओरपला, बोटे चाटली आणि म्हणाले, "आंबा कोनचा हो माय हा? साखर घातलीच न्हाई वाटतं." बाईंचा चेहरा खुलला. सासऱ्यांनी लावलेले झाड, विहिरीच्या कडेचे, यंदा मोहोर कमी आला होता, तरी वारकऱ्यांपुरता रस निघाला, असे सगळे त्यांनी सांगितले. विणेकरी ऐकत ऐकत दुसरा द्रोण संपवून मोकळे झाले.

खरे सांगायचे तर त्या क्षणी मीही पहिल्यालाच विरक्त मानले, आणि दुसऱ्यांदा रस मागताना मनातून लाजलो. मागितला मात्र.

पुढची दोन कोस हाच विषय डोक्यात होता. तुळशीची माळ गळ्यात आली म्हणजे जिभेची चव जायला हवी का? नातवंडांच्या लग्नात पंगतीला बसताना, नव्या धोतराचा कोरा वास घेताना, पहिल्या पावसानंतर रान हिरवे होताना जो आनंद होतो, तो परमार्थातली चोरी समजायचा का? आपल्यापैकी पुष्कळांना हे टोचत असते. बाहेरून कुणी बोलत नाही, पण आतून एक हिशेबनीस बसलेला असतो. तो सुखाच्या प्रत्येक घासाची नोंद उधारीच्या पानावर करतो.

सोडण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. काशीला गेले की एखादे फळ, एखादी भाजी सोडून यायची रीत आहे. तीत कितीजणांनी आंबा सोडला आणि कितीजणांनी दुधी भोपळा, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. एकादशीचे तसेच. उपास खरा, पण साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस असा थाट मांडला की रोजची भाकरीच गरीब वाटू लागते. यात कुणाची टिंगल करायची नाही. मीही तेच ताट पुढे ओढतो. सांगायचे इतकेच की पदार्थ सुटला म्हणजे गोडी सुटली असे होत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी हेच सांगितले आहे: न खाणाऱ्याचे विषय बाजूला होतात, पण त्यांची चव मनात राहते, ती जायला परतत्त्वाचे दर्शनच व्हावे लागते. माउलींनी त्या जागी झाडाचा दृष्टांत दिला आहे, वरून छाटायचे आणि मुळाला पाणी घालत राहायचे असा. शेतकऱ्याला यापुढे टीका नको.

शहागडला पालखी आली तेव्हा ऊन कलले होते. नदीला पाणी बेताचेच. काठावर बसल्यावर वरच्या अंगाला नजर जाते. तिकडे पैठण, नाथांचे गाव. पैठणच्या अलीकडे आपेगाव. आपण जिच्या पालखीबरोबर चाललो आहोत त्या मुक्ताईच्या वडिलांचे, विठ्ठलपंतांचे ते गाव.

विठ्ठलपंतांची कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. पण ती बहुधा माउलींच्या चरित्राची प्रस्तावना म्हणून ऐकतो आणि पुढे जातो. थोडे थांबून पाहावे. विठ्ठलपंत मुळातले विरक्त. संसारात मन रमेना म्हणून आळंदीला रुक्मिणीबाईंना सोडून काशीला गेले आणि संन्यास घेतला. जगाच्या दृष्टीने सोडण्याची ही शेवटची पायरी. पण घरी पत्नी आहे, ती रोज अश्वत्थाला प्रदक्षिणा घालते आहे, हे गुरूंना कळले आणि त्यांनी आज्ञा केली, परत जा, संसार कर. विठ्ठलपंत परतले. मग समाजाने वाळीत टाकले. चार लेकरे झाली, त्यांना संन्याशाची मुले म्हणून हिणवले गेले, आणि अखेर ब्राह्मणसभेने सांगितलेल्या प्रायश्चित्तासाठी पती-पत्नी दोघांनी देह ठेवला.

काशीला जाण्याला धैर्य लागले असेलच. पण मला वाटते, जास्त वैराग्य परतायला लागले. जाताना मान मिळत होता, परतताना तो सोडावा लागला. संन्याशाची प्रतिष्ठा, शुद्धपणाचा अभिमान, लोक काय म्हणतील ही भीती, हे सगळे त्यांनी त्या वाटेवर टाकले. आणि ते परतले नसते तर? निवृत्तीनाथ नाहीत, ज्ञानेश्वरी नाही, सोपानदेव नाहीत, मुक्ताई नाही. आपण कुणाच्या पालखीमागे चाललो असतो?

या चार भावंडांइतके विरक्त दुसरे कोण दाखवणार? आणि तरीही त्यांच्या घरातली एक आठवण परंपरेने जपली आहे, ती खाण्याची आहे. निवृत्तीनाथांना मांडे खावेसे वाटले. मांडे म्हणजे पुरणाचे, हातावर वाढवायचे, खापरावर भाजायचे नाजूक पक्वान्न. मुक्ताई खापर आणायला कुंभाराकडे निघाली, तर विसोबा चाटींनी आडकाठी केली आणि कुंभारांनी खापर दिले नाही. पोर रडत घरी आली. तेव्हा माउलींनी योगाग्नीने आपली पाठ तापवली आणि मुक्ताईने तिच्यावर मांडे भाजले.

चमत्कार खरा की खोटा या वादात मला पडायचे नाही. मला नवल दुसऱ्याच गोष्टीचे वाटते. त्या घरात थोरल्या भावाला, जो सर्वांचा गुरू, त्याला मांडे खावेसे वाटले आणि कुणी त्याला म्हटले नाही की दादा, तू नाथपंथी योगी, तुला पक्वान्न कशाला? धाकट्या बहिणीने पुरण शिजवायला घेतले. मधल्या भावाने त्या इच्छेसाठी आपली पाठ दिली. विसोबांनी ते पाहिले, त्या मांड्यांचे उष्टे खाल्ले, आणि विरोधक होते ते शिष्य झाले. मनुष्याला शरण आणणारे ते घर उपाशी बसलेले नव्हते, जेवत होते.

आता नदीच्या अलीकडची, आमच्या जिल्ह्यातली गोष्ट. घनसावंगी तालुक्यात जांब आहे. शके 1530 म्हणजे इसवी सन 1608 मध्ये रामनवमीला तिथे सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला, तो पुढे समर्थ रामदास झाला. बाराव्या वर्षी आसनगावच्या लग्नमंडपातून, भटजींनी 'सावधान' म्हणताच पोरगा पळाला, ही कथा शाळेतल्या मुलालाही माहीत असते. आपला संप्रदाय वेगळा, पण जांबची माती आमचीच. आणि या कथेचा एक भाग सांगायचा राहून जातो. त्या घरात दोन भाऊ होते. थोरले गंगाधरपंत पळाले नाहीत. त्यांनी लग्न केले, मुले वाढवली, उपासना चालवली, ग्रंथ लिहिले आणि चोवीस वर्षे आईला सांभाळले. त्या आईचे, राणूबाईंचे, धाकट्याच्या वियोगाने रडून रडून डोळे गेले होते असे सांगतात. समर्थांच्या परंपरेने या संसारी भावाला कोणत्या नावाने ओळखले? श्रेष्ठ. थोरला म्हणून श्रेष्ठ, हे तर झालेच. पण त्या शब्दात आणखीही अर्थ ऐकू येतो, तो ज्याला ऐकू येईल त्याने ऐकावा. पुढे सज्जनगडाची व्यवस्था याच श्रेष्ठांच्या वंशाकडे आली. संसार न केलेल्याचे कार्य सांभाळायला संसार केलेल्याची नातवंडे उपयोगी पडली.

मी समर्थांना कमी लेखत नाही. ज्याला पळायचे होते त्याने पळावे, त्याच्या पळण्याने महाराष्ट्राचे भले झाले. आसनगावच्या त्या मंडपात बोहल्यावर उभ्या असलेल्या मुलीला कथेत दोन ओळीही मिळत नाहीत, एवढे मात्र मला दरवेळी खटकते. पण आपण, माळकरी शेतकरी, दुकानदार, शिक्षक, सुना, सासवा, आपण पळालेले नाही आणि पळणारही नाही. आपल्या वाट्याला श्रेष्ठांचे काम आले आहे. मग आपण आपल्या सुखाची लाज नारायणाच्या मापाने का मोजतो?

वारीकडेच पाहा. वारी म्हणजे जाणे आणि येणे. पंढरपुरात कायमचे राहायला जातो तो वारकरी नव्हे. घरदार, पेरणी, तान्ही नातवंडे सोडून महिनाभर बाहेर पडायचे, उघड्यावर निजायचे, मिळेल ते खायचे. हा आपला वर्षातला संन्यास. पण तो एकादशीच्या उपासावर संपत नाही. द्वादशीला पारणे सोडायचे. पौर्णिमेला गोपाळपूरला काला, लाह्या, दही, सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून एकमेकांच्या तोंडात घालायच्या. तेव्हा यात्रा पुरी. मग घराची वाट. घरी पोहोचल्यावर सून गरम भाकरी वाढते. महिनाभर चालून आलेला माणूस ती भाकरी कशी खातो, यात वारीचे खरे माप आहे. मीठ कमी पडले म्हणून ताट आपटतो, की पहिला तुकडा तोंडात घालताना सुनेकडे बघून हसतो? वीस-पंचवीस मुक्काम अंगी लागले की नाही, हे तिथे कळते.

संध्याकाळी ते द्रोणावर हात ठेवणारे बाबा नदीकाठी माझ्या शेजारीच येऊन बसले. परतूरकडचे. मी सहज विचारले, "बाबा, फळ काशीला सोडलं का?"

"काशी कुठली माऊली? घरीच सोडलं." थोडा वेळ ते पाण्याकडे बघत राहिले. मग बोलले.

त्यांची मोसंबीची बाग होती. तीनशे झाडे. आमच्या जिल्ह्याची मोसंबी नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे; पण झाड लावून फळ दिसायला चार-पाच वर्षे पाणी घालावे लागते. 2012 च्या पावसाळ्याने पाठ फिरवली. जायकवाडी तळाला गेली. जालन्यात प्यायच्या पाण्याचे हाल झाले. 2013 च्या उन्हाळ्यात कितीतरी शेतकऱ्यांनी टँकर विकत घेऊन झाडे जगवायची धडपड केली, आणि कितीतरी बागा शेवटी कुऱ्हाडीने तोडल्या. बाबांची त्यांपैकीच एक. वीस वर्षांची झाडे होती. तोडलेली लाकडे रचून ठेवली, त्याच सुमारास गावात सप्ताह होता. कीर्तनात बुवांनी सांगितले की झाड तुझे नव्हते, पाणी तुझे नव्हते, रडतोस कशाला, हा मोह आहे.

"म्या म्हनलं, बरं. मोह हाय तर सोडू. त्या दिसापासून गोड फळ तोंडात न्हाई. लोक म्हनतात नेम हाय." ते हसले, पण ते हसू नव्हते. "नेम कशाचा माऊली. रागच हाय म्हना. देवावर हाय का पावसावर, ते बी कळंना."

मला एकदम दुपारच्या बाईंचा उतरलेला चेहरा आठवला, आणि त्याचे कारणही कळले. विरक्त माणसाने नको म्हटले तर समोरच्याला लागत नाही. लागतो तो राग. संस्कृतात राग म्हणजे आसक्ती, आणि आपण मराठीत राग म्हणतो तो संताप. दोन्ही गेले तर वैराग्य. एक दाबून दुसरा धरून ठेवला तर ते जगाशी धरलेले वैर असते, आणि त्याला पिवळ्या चंदनाचा टिळा लावला तरी ते वैरच राहते.

पण दोष बाबांचा कसा म्हणू? ज्याची बाग जळाली त्याला मोहाचे प्रवचन ऐकवणे हे मला क्रौर्य वाटते. सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसेल. शब्द शास्त्राचेच होते. पण वैराग्य ही दुसऱ्याच्या ताटात वाढायची वस्तू नाही. नाथांच्या घरच्या श्राद्धाची गोष्ट आठवावी. स्वयंपाकाचा वास रस्त्यावर गेला आणि अस्पृश्य मानलेल्या भुकेल्या माणसांच्या पोरांच्या तोंडाला पाणी सुटले. एकादश स्कंधावर टीका लिहिणारा, जिभेच्या लोभाने गळाला लागणाऱ्या माशाचे आख्यान मराठीत सांगणारा तो पुरुष त्या वेळी त्यांना इंद्रियनिग्रह शिकवायला बसला नाही. त्याने आणि गिरिजाबाईंनी पाने मांडली आणि सगळे अन्न त्यांना वाढले. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली ती आपल्या वाटणीची. धाकट्या कान्होबाच्या वाटणीची त्याच्या हाती दिली. भावावर आपले वैराग्य लादले नाही.

मी बाबांना उपदेश केला नाही. काय करणार होतो? जिची पालखी पुढे उतरली होती तिचीच आठवण सांगितली. लोकांच्या बोलण्याने दुखावून माउली झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकट्या मुक्ताईने बाहेर उभे राहून त्यांची समजूत काढली. आत बसलेला योगी होता, महाज्ञानी होता. पण दार रागाने लागले होते, म्हणून ती उघडा म्हणत होती. समाधीसाठी लावले असते तर ती बोललीच नसती.

बाबा ऐकत राहिले. मग एकदम बागायतदाराच्या आवाजात म्हणाले, "मोसंबीला ताण देतेत, ठावं हाय ना?"

ठाऊक होते. बहार धरायचा तर झाडाचे पाणी तोडतात. हलक्या रानात ताण लवकर बसतो, काळ्या भारी रानात उशिरा. पाने मलूल होतात, काही गळतात. परका माणूस बघेल तर म्हणेल, झाड मारताय. मग पाणी सोडतात, पहिले बेताचे, आणि उघड्या फांद्यांवर पांढरी फुले येतात. पाणी तोडले नाही तर झाड नुसते पाल्याला लागते.

"उपास त्याच्यासाठीच आसतो, आसं मला वाटायचं," बाबा म्हणाले. "जिवाला ताण. पर ताण दीड-दोन म्हयन्याचा आसतो माऊली. अकरा वर्सांचा नसतो. त्येवढ्यात झाड वाळून जातं."

यावर मी काय बोलावे? टाळ वाजू लागले होते, हरिपाठाला उठायचे होते. उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून जोर घेतला.

दुसऱ्या दिवशी गेवराईच्या वाटेवर एका दुकानदाराने केळी वाटली. बाबा माझ्या पुढे चार पावलांवर चालत होते. त्यांनी केळे घेतले, तसेच हातात धरून बरेच अंतर चालले. मग सोलून मोडले आणि अर्धे मागे वळून पखवाज वाजवणाऱ्या पोराच्या तोंडात घातले. दुसऱ्या अर्ध्याचे काय केले ते मला दिसले नाही. मधे पताकेवाले आले होते.